सहा मिनिटांचा पेपर

दवाखान्याच्या बाकाखाली वल्लरीचा पाय सारखा हलत होता. परीक्षा यज्ञेश्वर आजोबांची होती. तयारी मात्र नववीतल्या वल्लरीने करून घेतली होती.

तीन महिन्यांपूर्वी आजोबांना अटॅक आला आणि हृदयाचं पंपिंग चाळीस टक्क्यांवर आलं. "मग पास की! पस्तीसला पास असतं," वल्लरी म्हणाली होती.

"हे शंभरपैकी नसतं गं," डॉक्टर पद्मजा हसल्या होत्या. "धडधाकट माणसाचंही साठच्या आसपास असतं. आणि त्या आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे, हे सहा मिनिटांत किती चालतात."

गेल्या महिन्यात ते तीनशे वीस मीटर चालले. आज त्याहून वाढले, तर सदाशिव पेठेतलं तिसऱ्या मजल्यावरचं बिनलिफ्टचं घर त्यांना झेपेल. नाहीतर बाबा त्यांना रविवारी येरवड्याला काकाकडे हलवणार. आजोबांविना घर? छे!

मग काय, वल्लरीने सराव परीक्षांचा धडाका लावला. आज सकाळी तर शेवटची उजळणी म्हणून तीन मजले तीनदा चढवले. "फर्स्ट क्लास, आजोबा!" म्हणत पाठही थोपटली.

आणि आता आजोबा कॉरिडॉरमध्ये रखडत होते. दोन मिनिटांनी भिंतीला टेकले. पुन्हा निघाले. चौथ्या मिनिटाला पुन्हा टेकले. वल्लरी ताडकन उठली, बसली, पुन्हा उठली.

"दोनशे सत्तर," सिस्टर म्हणाली.

पद्मजा डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "कमी झालं? औषधं चुकलीत का?"

"वय झालं," आजोबा धापा टाकत म्हणाले आणि त्यांनी वल्लरीला डोळ्यांनीच दटावलं. गप्प बस.

खरं सांगितलं तर तिचं शहाणपण उघडं पडणार. नाही सांगितलं तर रविवार.

"डॉक्टर, सकाळी मी त्यांना जिना चढवला. तीन मजले. तीनदा."

"तीनदा? आज? छातीत दुखलं का, आजोबा?"

"नाही हो. दम लागला तेवढा."

"तुम्ही बँकेत मॅनेजर होतात ना? नातीला नाही म्हणता आलं नाही?"

"तिला? तुम्ही म्हणून बघा एकदा."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी आधी ईसीजी काढायला लावला, तो नीट निरखला आणि मग कागदावर सरळ काट मारली. "दमलेल्या माणसाची चाचणी मी धरत नाही. परवा या. तोपर्यंत जिना एकदाच, दर मजल्याला थांबून. आणि तू गं, पुन्हा असा आगाऊपणा केलास तर तुलाच चालवीन."

तेवढ्यात बाबांचा फोन आला. "काय झालं? किती आले?"

"पेपर रद्द झाला, बाबा. माझ्यामुळे," वल्लरी एका दमात म्हणाली.

आजोबांनी फोन ओढून घेतला. "रद्द नाही रे, सलिल, पुढे ढकललाय. आणि माझी बॅग भरायला घेतली असशील तर ठेव खाली."