कडेची खरवड

मित्रांनो, ते बूट जरा बाजूला सरकवा, म्हणजे मी तुम्हाला दिसेन. हो, त्यांच्याखालचा पत्रा, तोच मी. मी एक जुना ट्रे आहे. ओव्हनमध्ये सरकवायचा, चौकोनी, उभ्या कडांचा. आता माझ्या अंगावर वितळलेल्या बर्फाचे पाणी साचते आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाचे पांढरे डाग पडतात. त्याचे मला वाईट वाटत नाही. मला लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि ती सांगताना मी आजही कानकोंडा होतो.

माझा जन्म याच मॉन्ट्रियल शहरातल्या एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. माझे चारही कोपरे दुमडून दाबलेले आहेत. हात कापू नये म्हणून माझी कड आत वळवून तिच्यात तार घातलेली आहे. ही वळलेली कड तुम्ही ध्यानात ठेवा.

गिट्ल नावाच्या नव्या नवरीने मला विकत घेतले, ते खास वल्हांडण सणासाठी. ज्यू घरांत या सणाच्या आठ दिवसांत खमिराचा कणही चालत नाही. पाव नाही, केक नाही. त्याऐवजी मात्सा, म्हणजे गव्हाची बिनखमिराची पातळ, कडक पोळी. भांडीसुद्धा सणापुरती निराळी. मला आधी त्यांच्या पवित्र कुंडात बुडवून आणले, मग मऊ कापडात गुंडाळून सर्वांत वरच्या कपाटात ठेवले. वर्षभर मी तिथेच असे. खाली पावाचे साचे राबत, त्यांचा खडखडाट मला ऐकू येई आणि मी मनाशी म्हणे, "तुम्ही ओवळे, मी सोवळ्यातला."

सण आला की मला बाहेर काढत. गिट्ल दरवर्षी माझ्यात मात्साची टॉफी करी. तळाशी मात्साचे तुकडे जोडून अंथरायचे, फटींत लहान तुकडे बसवायचे. मार्जरिन, म्हणजे लोण्याऐवजीचे वनस्पती तूप, आणि गूळसर तपकिरी साखर उकळवून तो रटरटता पाक वर ओतायचा आणि मला भट्टीत सारायचे. बाहेर काढल्यावर वर चॉकलेट पसरायचे आणि मला मागच्या लोखंडी जिन्यावर गारठ्यात ठेवायचे. मग टॉफी फोडली की सारे घर गोळा होई. "गिट्लच्या हातची टॉफी" असे लोक म्हणत. मला वाटे, माझेच कौतुक चालले आहे.

ती मला धुई, पण घासत नसे. घासायचे कशाला? माझ्या कडेत अडकला तर मात्साचाच चुरा अडकणार, आणि सणात मात्सा तर हक्काची. तो चुरा तिथेच राहिला, दरवर्षी थोडा थोडा साचत गेला.

गिट्लची मुले मोठी झाली, नातवंडे आली आणि तिला सगळे 'बाबी' म्हणू लागले, म्हणजे आजी. तिच्या मुलीची, हेनीची, धाकटी पोर म्हणजे एल्का. चुणचुणीत, पण काही केल्या अंगी लागेना. सारखे पोट दुखे. शेवटी निदान झाले: हिला गहू चालत नाही. गव्हाचा कणसुद्धा हिच्या पोटात विषासारखा. खमीर असो वा नसो, शरीराला त्याचे काय?

त्या वर्षीच्या सणात एल्काचे जेवण झाकणाच्या डब्यातून आले. ती टेबलाच्या टोकाला बसली. तिचा फायव्हलमामा स्वभावाने मिस्कील. तो म्हणाला, "आमच्या राजकन्येचं ताट वेगळं बरं का! हात लावाल तर मान उडेल!" सगळे हसले. एल्काही हसली. टॉफीची बशी आली, तेव्हा कोणी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "मला नको. माझं पोट भरलंय." डब्यातले जेवण तसेच होते.

ते बाबीच्या मनाला लागले. पुढच्या सणाला तिने बटाट्याचे सत्त्व आणि साबुदाण्याचे पीठ यांची मात्सा शोधून आणली. हो मित्रांनो, तुमच्याकडे उपासाला चालतो तोच साबुदाणा.

सणाच्या दिवशी सकाळी हेनी आणि एल्का आल्या.

"बूट! आधी बूट काढ!" बाबी दारातूनच ओरडली. "घरात तळं करणार आहेस का?"

"काढतेय गं बाबी! कुठे ठेवू? जागाच नाही."

"डोक्यावर ठेव!"

मग ती हसली आणि तिने पोरीला स्वयंपाकघरात ओढले. मी ओट्यावर तयार होतो. हेनीने मला पाहिले आणि जरा घुटमळली.

"आई, एल्कासाठी नवा ट्रे घ्यायचा का? डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, भांडी..."

"नवा?" बाबीने कमरेवर हात ठेवले. "अगं, या घरात याच्याइतकं शुद्ध काही नाही. माझ्या लग्नापासून याला पाव शिवलेला नाही. तुझ्या डॉक्टरणीचं भांडं असेल का असं?"

हेनीने विषय सोडला. आईपुढे तोंड वर करून बोलणे तिला जमत नसे. आणि मी? मित्रांनो, मी फुगलो. भट्टीत पत्रा फुगतो ना, तसा, पण भट्टीत न जाताच.

बाबीने माझ्यात ॲल्युमिनियमचा चकचकीत कागद अंथरला. तो कडेपर्यंत पुरला नाही. "चालतंय," ती म्हणाली. एल्काने साबुदाण्याचे तुकडे जोडले. पाक ओतला, भट्टीत तो उतू आला, कागदाखाली शिरला आणि माझ्या कडेवर चढून तिथेच कडक झाला. टॉफी गार होईतो पोरीला धीर निघेना.

"बाबी, ती कडेची खरवड मला! मला एकटीला!"

"तुलाच तर. आज सगळी तुझी." बाबीने सुरीच्या टोकाने माझ्या कडेतून खरवड खरडली आणि आपल्या हाताने एल्काच्या तोंडात घातली. पोरीने डोळे मिटले. इतका आनंद मी त्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता.

संध्याकाळी पंगत मांडली. पांढरीशुभ्र चादर, मेणबत्त्या, सगळे आप्त. मी उघड्या दाराशी ओट्यावर होतो, मला सगळे दिसत होते. या पंगतीत सणाची पोथी वाचतात आणि घरातल्या सर्वांत लहान मुलाने चार प्रश्न गाऊन विचारायचे असतात. एल्काने महिनाभर घोकले होते. ती खुर्चीवर उभी राहिली, पहिला प्रश्न नीट गायली. दुसऱ्याला तिचा आवाज कापला. तिने पोट धरले आणि त्या पांढऱ्या चादरीवर सगळ्यांच्या देखत ती ओकली.

हेनी धावली. फायव्हलमामा घाबरला, आणि घाबरला की त्याची जीभ सैल सुटते. "काय गं, गव्हाची मात्सा उचललीस ना हळूच? सांग की खरं. चोरी पोटात राहत नाही!"

"नाही! मी बाबीनं दिलं तेवढंच खाल्लं!"

बाबीचा चेहरा ताठ झाला. "माझ्या हातचं खाऊन आजवर कोणी आजारी पडलेलं नाही. एल्का, सणाच्या दिवशी खोटं बोलू नये, बाळा."

पोरीने आजीकडे पाहिले. न्हाणीघरात गेली आणि आतून कडी लावली. प्रश्न दुसऱ्या कोणी तरी पुरे केले.

आता माझ्या लाजेची गोष्ट ऐका. त्या वेळी मीही मनात म्हणालो, "खरेच तर आहे. माझ्यासारख्या सोवळ्यातल्या भांड्यातले खाऊन कोणी आजारी पडते का? पोरगीच चोरटी." एका आजारी लेकराला मी चोर ठरवले, ते माझ्या शुद्धतेच्या जोरावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबी एकटीच आवरत होती. तिने मला पुसायला उभे धरले आणि ओट्यावर जरासे आपटले. माझ्या कडेतून खरवडीचा एक राहिलेला तुकडा सुटला. त्याच्यामागून चुरा पडला, भाजून भाजून काळपट झालेला. तिने चष्मा लावला. चिमटीत धरून पाहिले, वास घेतला. पाकात रुतलेले ते गव्हाच्या मात्साचे कण होते. कुठल्या कुठल्या सणांचे.

बाबी तिथेच स्टुलावर बसली. मग देवाशी बोलावे तशी पुटपुटली, "सणाआधी मेणबत्ती धरून, पिसानं कोपरान् कोपरा झाडला मी, खमिराचा कण शोधायला. आणि हे माझ्या हातात होतं."

मला वाटले, माझ्या तळाला भोक पडावे आणि मी भंगारात जावे.

तिथल्या रीतीप्रमाणे दुसऱ्या संध्याकाळीही तशीच पंगत असते. एल्का आली, पांढरीफटक, पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून. कोणाकडे बघेना. टेबलाच्या टोकाला, झाकणाच्या डब्यापाशी जाऊन बसली. सगळे बसल्यावर बाबी मला घेऊन आत आली.

"आई, पोथी वाचायच्या वेळी हे भांडं कशाला?" फायव्हलमामाने विचारले.

"तू गप्प बस. काल पुष्कळ बोललास."

तिने मला नव्या पांढऱ्या चादरीवर उलटे धरले आणि कडेवर बोटांनी टकटक केले. चुरा पडला. सगळ्यांना दिसला.

"हा गहू," बाबी म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "या भांड्यातला. खरवड मी माझ्या हातानं भरवली. पोरगी खरं बोलत होती आणि मी तिला सगळ्यांपुढे खोटी ठरवलं. म्हणून सगळ्यांपुढेच सांगते. एल्का, चुकले मी."

फायव्हलमामाने मान खाली घातली. "माझंही चुकलं गं. माझी ही जीभ..."

"तिला डब्यात घाल, मामा," एल्का म्हणाली. "झाकण लावून."

पहिल्यांदा हेनी हसली, मग बाकीचे. बाबी मात्र हसली नाही. ती मला बगलेत मारून मागच्या दाराकडे निघाली.

"कुठे नेतेस त्याला?" एल्काने विचारले.

"बाहेर. सण संपला की भंगारात."

एल्काने माझ्याकडे पाहिले. मला वाटले, ही म्हणेल, बरे झाले. तसे म्हणायचा तिला हक्क होता.

"नको," ती म्हणाली. "त्याला पुढच्या दारात ठेव. माझ्या बुटांना जागा नाहीये."

बाबी माझी कड घट्ट धरून क्षणभर उभी राहिली. मग तिने मला दारात नेऊन ठेवले आणि वाकून एल्काचे ओले बूट स्वतः माझ्यात मांडले. आतून चार प्रश्न ऐकू आले. आवाज बारीक होता, पण या वेळी तो चौथ्या प्रश्नापर्यंत पोचला.

सणाच्या मधल्या दिवसांत नवा ट्रे आला, कुंडात बुडून आला. त्याची कड सपाट आहे, हे मी लगेच पाहिले. आता या घरात टॉफी एकच होते, साबुदाण्याच्या मात्साची, सगळ्यांसाठी. झाकणाचा डबा परत आला नाही. फायव्हलमामा दरवर्षी म्हणतो, "हा कसला पुठ्ठा!" आणि दरवर्षी बशीत पुन्हा हात घालतो.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरातली देवाची भांडी, सणाची भांडी तुम्ही जरूर जपा. पण त्यांच्या कडाही घासा. आपले भांडे शुद्ध आहे या समाधानात, त्यातून कोण खाणार आहे हे विचारायला विसरू नका. आणि एखादे लेकरू पोट धरून म्हणाले, "मी तेवढंच खाल्लं," तर आधी भांडे उलटे करून पाहा, मग लेकराकडे बोट दाखवा.

काल एल्का घरी जायला निघाली, तेव्हा टॉफीचा कडेचा तुकडा तोंडात धरून इथे पायरीवर बसून बूट चढवत होती. एक कण माझ्यात पडला. जुन्या सवयीने मी दचकलो.

तिने तो बोटाने टिपला, बघितलासुद्धा नाही, आणि तोंडात टाकणार तोच आतून बाबी ओरडली, "एल्का! बुटांच्या भांड्यातलं खाऊ नकोस!"