धुळीचा लाडका खडा

या, असे जवळ सरकून बसा. एका खड्याची आणि एका फडक्याची गोष्ट आहे, हसत हसत ऐकण्याजोगी.

एका जवाहिऱ्याच्या दुकानात मावशी बावीस वर्षं काचा पुसत होत्या. देवाचं नाव घेत फडकं असं फिरवायच्या, की माशी काचेवर आपटून ओशाळायची. पण महिन्याभरापासून काहीतरी बिनसलं होतं. मधल्या कप्प्यात नवे हिरवे टुर्मलीन खडे मांडले होते. सकाळी ते पुसावेत, दुकानातले दिवे लागावेत, की तासाभरात खड्यांवर धूळ. शेजारचे मोती मात्र न्हाऊन आल्यासारखे.

"मावशी, डोळे अधू झाले वाटतं," मालक म्हणाले आणि त्यांनी आपल्या अंगठीतला हिरवा खडा नाचवला. "हा बघा. हे खडे आले त्याच पुडीतला. याला एकट्यालाच धूळ लागत नाही, म्हणून मी स्वतः निवडला. खानदानी आहे. उद्या कप्प्यात कण जरी दिसला, तर परवापासून तुम्ही घरीच आराम करा."

मावशींनी फडकं पुन्हा उचललं. "देवा, तू सगळीकडे आहेस हे ठाऊक आहे," त्या पुटपुटल्या, "पण धूळ एकाच कप्प्यात का रे?"

मागच्या खोलीत खड्यांना पैलू पाडणारे आबा होते. ऐकून ते खुदकन हसले.

"अहो, तो खडाच तसला. तापला किंवा निवला, की त्याच्या टोकांना वीज येते. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो ना, तसा हा धूळ ओढतो. सकाळी दिव्यांनी तापतो, संध्याकाळी दिवे विझले की निवतो. तुम्ही पुसून पुसून किती पुसाल?"

"मग मालकांना सांगा की."

"सांगून ऐकणारा माणूस आहे का तो? दाखवूया."

दुसऱ्या दिवशी मालकांसमोर चहाची गरम किटली आली. झाकणावर कप्प्यातला एक खडा ठेवला. तो तापल्यावर आबांनी चिमट्यानं उचलून मालकांच्या सिगारेटच्या राखेवर धरला. आजोळी आलेल्या नातवंडासारखी राख उडून त्याला बिलगली.

"चुकलंच माझं, मावशी," मालक म्हणाले. इथेच थांबले असते तर झाकली मूठ राहिली असती. पण हौस कुठली थांबू देते. "आता आमच्या खानदानीचा प्रताप बघा."

अंगठी तापवली, राखेवर धरली. राख ढिम्म. पुन्हा तापवली. पुन्हा ढिम्म. आबा छताकडे बघू लागले.

"हा का ओढत नाही?"

"काच तापून कुठली वीज देणार, मालक," आबा हळूच म्हणाले. "पुडीत एक काच सरकवली असावी कुणीतरी."

आणि मालकांनी पारखून नेमकी तीच उचलली होती. मावशींनी हसू फडक्यात दाबलं.

"असू द्या. पुसायला सोपी आहे."

नोकरी राहिली. मालकांच्या अंगठीत आता धुळकट खडा आहे. बोलता बोलता त्यावर फुंकर मारतात आणि गिऱ्हाइकाला सांगतात, "धूळ आहे, म्हणजे अस्सल आहे."

तेव्हा मंडळी, पुसलेली वस्तू पुन्हा मळली, तर पुसणाऱ्यावर डाफरण्याआधी आमच्या मावशींची तेवढी आठवण काढा.