एक तार जादा

दुर्वाला कडेवरून खाली न ठेवता नूतननं एका हातानं टेबलावरची चादर ओढली. खाली तिच्या नवऱ्याचा, हितेंद्रचा अ‍ॅम्प्लिफायर होता. झाकण नसलेला पत्र्याचा डबा, आत विटेएवढा ट्रान्सफॉर्मर, शेजारी औषधाच्या बाटल्यांसारखे दोन कंडेन्सर आणि तारांचा गुंता.

“हाई का?” चुडामणभाऊंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. पिंप्राळ्याच्या बाजारात त्यांचं साउंड दुरुस्तीचं दुकान. सुरतेला नोकरी लागण्याआधी हितेंद्र चार वर्षं तिथंच शिकला होता. “वरीस तरी व्हयनं असेल याले.”

“दुर्वाएवढंच वय आहे त्याचं. भाऊ, आज संपवून टाका. ते शनिवारी येताहेत.”

“त्याले सांगेल शे का?”

“नाही.”

दोन महिन्यांतून दोन दिवस. तेवढ्यासाठी तो यायचा आणि आल्या आल्या या डब्यावर वाकायचा. कधी पॉवर सप्लाय बदलायचा, कधी सगळी जोडणी उसवून पुन्हा करायचा. नूतन स्वयंपाकघराच्या दारातून त्याची पाठ बघत राहायची. वीज बंद केल्यावरही कंडेन्सर करंट धरून ठेवतो, हे त्यानंच एकदा सांगितलं होतं. तेव्हापासून दुर्वा त्या खोलीकडे रांगायला लागली की नूतनच्या हातातलं काम सुटायचं. तिला वाटायचं, डबा एकदा वाजू लागला, भिंतीवर चढला, की हा माणूस इकडे तोंड करून बसेल. मुलीला मांडीवर घेईल. मागच्या खेपेला त्यानं हात पुढे केले तर दुर्वा किंचाळून नूतनच्या खांद्यात शिरली होती. “ओळखत नाही मला,” तो हसत म्हणाला होता, आणि मग बराच वेळ स्क्रूड्रायव्हर शोधत होता.

चुडामणभाऊंनी पिशवीतून लाकडी फळी काढली. तिच्यावर होल्डरमध्ये शंभरचा बल्ब. नवीन जोडणी थेट विजेवर लावायची नाही, मध्ये बल्ब ठेवायचा. आत कुठं शॉर्ट असेल तर तो पेटून राहतो आणि मशीन वाचतं. काम पुरं होईपर्यंत हितेंद्रही दर वेळी असंच करायचा.

बटण दाबलं. बल्ब लख्ख पेटला आणि हळूहळू मावळत तांबूस धाग्यावर आला.

दुर्वा कडेवरून अर्धी बाहेर झुकली. दोन्ही हात बल्बकडे.

“बाबा!”

नूतननं तिला घट्ट धरलं.

“वा रे पोरी,” चुडामणभाऊ हसले. “बापले बल्ब करी टाकं!”

नूतन हसली नाही. तिला मागच्या खेपेची रविवारची दुपार आठवली, दोन महिन्यांपूर्वीची. बल्ब पेटला होता आणि दुर्वा खदखदून हसत रांगत त्याच्या गुडघ्यापर्यंत गेली होती. गुडघ्याला धरून उभीही राहिली होती. नूतन हातातलं लाटणं टाकून धावली आणि पोरीला उचलून आत घेऊन गेली. तो पुन्हा डब्याकडे वळला होता. जरा वेळानं तारा जोडायच्या सोल्डरचा वास आला होता.

स्पीकरमधून गुणगुण येत होती, बारीक, एकसारखी.

“बठ्ठं बरोबर शे,” चुडामणभाऊ डब्यात डोकावत म्हणाले. “अर्थिंग दोन जागाले जोडेल शे, म्हनीसन गुणगुण. एक तार जादा शे. कापी की संपनं.” त्यांनी वीज बंद केली, कंडेन्सरमधला करंट उतरवला, कटर घेतला आणि तारेपाशी नेऊन थांबले. नखानं सोल्डरचा थेंब खरवडला. तो बाकीच्यांसारखा काळवंडलेला नव्हता.

“हाई तर मागून लायेल शे.”

“म्हणजे?”

“दुकानमा पयल्या दिवशी मी पोरेस्ले हाईच शिकाडस. दोन जागाले अर्थिंग देवानं नही. हितेंद्रनी हाई चूक नही, ताई, मुद्दाम लायेल शे.” ते मान हलवत राहिले. “कामचुकार त तो कधी नव्हता.”

नूतन त्या चकचकीत थेंबाकडे बघत उभी राहिली. त्या रविवारचा वास याच थेंबाचा होता. दुर्वा विझलेल्या बल्बकडे बोट करून कुरकुरत होती.

“कापू?”

“भाऊ,” ती म्हणाली, “याच्यावर झाकण बसवता येईल का? पत्र्याचं नको. आतलं दिसलं पाहिजे, पण बोट जायला नको.”

“अ‍ॅक्रिलिकनं बसाडी देसू. दुकानमा तुकडा शे.”

“आणि बल्बला जाळी?”

“ती बी व्हई.” त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. कटर अजून हातातच होता. “आन गुणगुण?”

“ती असू दे,” नूतन म्हणाली. “ते आले की बल्ब लावून बघतील. शुक्रवारपर्यंत झाकण मात्र झालं पाहिजे.”