‘जागल’ खेळणार कोण?

निशिगंधानं ‘जागल’ नावाचा मोबाइल गेम बनवला तेव्हा तिला वाटलं होतं, बनवणंच काय ते अवघड. लोक आपोआप येतील. पुण्यातली नोकरी सुटल्यावर ती मारेगावला घरी परतली आणि अख्खं वर्ष तिनं त्यात घातलं. जागल म्हणजे रात्रीची पिकाची राखण, आणि गेमही तसाच साधा होता. कपाशीच्या वावरात मचाण, मचाणावर तुम्ही, आणि अंधारातून चहूबाजूंनी येणारी रानडुकरं. चाहूल ऐकायची, तिकडं बॅटरी मारायची, डबा बडवायचा. मामाच्या वावरात जाऊन तिनं सगळे आवाज खरेखुरे टिपून आणले होते. रातकिडे, कुत्री, पत्र्याचा डबा आणि मामाची पोटातून निघणारी आरोळी, ‘हाऽड! होऽऽ!’ डुक्कर वावरात शिरलं की ती आपोआप घुमायची.

पण गेम बाजारात आला आणि कोणी ढुंकून पाहिना. गेम खेळून दाखवणाऱ्या मोठमोठ्या यूट्यूबवाल्यांना तिनं मेल केले. एकाचंही उत्तर नाही. डाउनलोड केला तो नातेवाइकांनी, तोही तिचं मन राखायला.

शेवटी तिचा कॉलेजातला मित्र इमरान मदतीला आला. त्याचं बसस्टँडसमोर मोबाइल दुरुस्तीचं दुकान.

“तू मेल करून राह्यली मुंबईले,” तो म्हणाला, “अन् इथं मह्या दुकानात रोज शंभर मोबाइल येतात. आपल्या लोकायले सांग ना पहिले.”

त्यानं पोस्टर बनवलं, दुकानावर लावलं, व्हॉट्सॲपच्या साऱ्या ग्रुपवर टाकलं. मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : ‘रानडुकरांपासून शेत वाचवा! ‘जागल’ आजच मोबाइलवर घ्या. एकदम मोफत.’

आठवड्यात आकडा पळायला लागला. मारेगाव, झरी, वणी, पार पांढरकवड्यापर्यंत. निशिगंधानं आईला उचलून गरकन फिरवलं.

मग तिनं गेमच्या नोंदींत लोक खेळतात कसे, ते पाहिलं आणि ती चक्रावली. कोणी स्क्रीनला बोटच लावत नव्हतं. गेम सुरू व्हायचा, डुकरं निवांत कपाशी खाऊन जायची, गुण शून्य. की पुन्हा सुरू, पुन्हा शून्य. आणि तरीही पाचपैकी पाच तारे!

‘मस्त आहे. आवाज लवकर बंद होते.’

‘रोह्यासाठी (नीलगाय) पण बनवा.’

गेम फार अवघड झाला असेल, असं समजून तिनं पहिल्या पातळीतली डुकरं कमी केली. दुसऱ्याच दिवशी तारे घसरले. ‘पहिलेचा चांगला होता. आता आरडाओरडाच नाही.’

ती इमरानकडं गेली. “लोकायले पाहिजे तरी काय रे? हरून राह्यले अन् खूश होऊन राह्यले!”

“मले विचारू नको. मी फक्त पोस्टर लावलं.”

तेवढ्यात मुकुटबनचे विठ्ठलराव दुकानात शिरले. धोतर नीटनेटकं, हातात मोबाइल आणि डब्याएवढा स्पीकर.

“इमरानभाऊ, ते डुकराचं ॲप कोणी बनवलं?”

इमराननं निशिगंधाकडं बोट दाखवलं.

“तू व्हय काय माय? काम चांगलं केलं. पण दोन मिनिटात बंद पडते अन् मले मचाणावरून उतरून पुन्हा चालू करा लागते. रातभर चालंल असं कर ना.”

“काकाजी, मोबाइल ठेवता कुठं तुम्ही?”

“मोहाच्या झाडाले. स्पीकर बांधला न् वर. त्या माणसाची आरोळी आली का डुकरं पऱ्हाटीतून असे पळतेत!”

निशिगंधानं इमरानकडं पाहिलं. इमरान पोस्टरकडं पाहत होता.

“काकाजी, तो गेम आहे. खेळाचा असते तो.”

“असंन,” विठ्ठलराव समजुतीनं म्हणाले. “पण रातभर चालंल असं कर.”

आनंद मानावा की रडावं, तिला कळेना. हजारो लोक मिळाले होते आणि खेळाडू एकही नव्हता. तिनं ‘फक्त आवाज’ असं एक बटण बसवलं. आकडा आणखी पळाला.

पंधरवड्यानं विठ्ठलरावांचा फोन आला. “डुकरं सरावले वो त्या आवाजाले. आता ऐकत नाहीत. मीच जागतो मचाणावर. बसल्या बसल्या तुह्या डुकरायले हाकलून पाह्यलं.”

“बरं केलं,” ती म्हणाली.

“काय बरं! काल मान खाली घालून असा गुंगलो का खरे डुकरं तुरीत शिरले तरी पत्ता नाही. चार ओळी साफ!”

“काकाजी, मले माफ करा. मले वाटलंच नोतं...”

“ते राहू दे, तुरीचं मी पाहतो. तिसऱ्या पातळीत बांधाकून येते ते डुक्कर सांग. बॅटरी मारली तरी थांबत नाही, असं काहून?”

“ते बॅटरीले भेत नाही,” ती चाचरत म्हणाली. “पहिले डबा वाजवा, मग बॅटरी. पण काकाजी, आधी तुरीत पाहून घेत जा.”

“हौ, हौ,” विठ्ठलराव म्हणाले आणि फोन बंद झाला.

तिनं इमरानला सगळं सांगितलं. तो हसला. नवीन पोस्टर छापायला द्यायचं होतं. त्यावर काय लिहू, म्हणून त्यानं विचारलं.

“हा गेम आहे, असं लिही. मोठ्या अक्षरात.” ती दारापर्यंत गेली आणि वळली. “नको, थांब. गेम म्हटलं तर वावर कोण राखंल? विचारून सांगते.”

कोणाला विचारणार, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं.