आधी माझ्या हाताला

गादी जिन्यावरून खाली गेली. दोघांनी धरली होती, तरी वळणावर अडकलीच.

मांजर मावससासूकडे पाठवलं. ते परत आलं. पुन्हा पाठवलं.

वांगं बंद. मग अंडं. मग दूध. मग जेवणातली गंमतच.

बांगड्या साबण लावून उतरवल्या.

नवऱ्याची दाढी. (हे नणंदेने सुचवलं आणि स्वतःच हसत सुटली.)

एवढी उलथापालथ वहिनीच्या डाव्या कोपरापायी. कोपराच्या आतल्या बाजूला पुरळ उठलं होतं आणि खाज अशी, की बोलता बोलता वाक्य अर्धं सोडून नखं तिकडे धावायची. केस कापायचं दुकान नणंदेचं. नणंद वहिनी म्हणते म्हणून गिऱ्हाइकंही वहिनीच म्हणत. दोन खुर्च्या, एक आरसा, मागे मोरी आणि रंगाचे थर बसून कायमची चिकटलेली खिडकी. लग्नानंतरचं तिचं सगळं आयुष्य त्या खिडकीच्या अलीकडे गेलं होतं.

कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी पाठीवर चिकटपट्टीचे चौकोन लावले, प्रत्येकाखाली एकेक संशयित पदार्थ. आंघोळ नाही, खाजवणं नाही. पट्ट्या काढल्या तेव्हा एकच चौकोन टरारून फुगलेला.

“केसांचा रंग,” बाई म्हणाल्या.

“तो तर मला लागतच नाही. हातमोजे घालते ना मी.”

“कुठेच नाही?”

“शपथ घेऊ का?”

शपथ खोटी नव्हती. तिला तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ती वाटीत रंग कालवत होती. गिऱ्हाईक खुर्चीत. नणंद एकदम ओरडली, “वहिनी! आत्ता काय केलंत?”

“काय केलं?”

“हे! कोपराला काय लावलंत?”

वहिनीने खाली पाहिलं. कोपराच्या आत रंगाचा ओला ठिपका. रंग कालवला की पहिला ठिपका स्वतःला, तो गिऱ्हाइकाला दाखवायचा आणि म्हणायचं, आधी माझ्या हाताला, मग तुमच्या डोक्याला. हातमोजे त्यानंतर. दारात पाय पुसावेत तसं ते होऊन जायचं. ते काम आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं, मग डॉक्टरला काय सांगणार?

“काखेत कळसा ऐकला होता,” नणंद म्हणाली, “हा कोपरात कळसा! आणि बिचारं मांजर उगाच देशोधडीला.”

दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. गिऱ्हाईकही हसलं. मग वहिनीने मोरीवर जाऊन ठिपका खसाखसा धुतला.

डॉक्टरीणबाई फोनवर हसल्या नाहीत. “हातमोजे घालून काम करा हवं तर. पण उघड्या कातडीला एक थेंबही नको. आज पुरळ आहे, उद्या घसा सुजेल.”

ठिपका बंद झाला. आठवडाभरात एका बाईंनी विचारलंच, “आज हात नाही दाखवलास?”

“मला तो रंग सोसत नाही आता,” वहिनीने खरं ते सांगितलं.

“तुला सोसत नाही आणि माझ्या डोक्यावर थापतेस?”

बाई गळ्यातला टॉवेल काढून उठल्या. आणखी दोघी त्याच वाटेने गेल्या. कोपऱ्यावरच्या नव्या दुकानात गार हवा होती, मऊ खुर्च्या होत्या. या दुकानात होता तो फक्त ठिपका.

“वन्सं, मी नुसते केस कापते. रंग तुम्ही लावा.”

“माझ्या हाताने कोण लावून घेणार? मी काय कधी ठिपका लावलाय?” नणंदेने खणातून भुवया कोरायची पेन्सिल काढली. “हा लावा. ठिपका तो ठिपका.”

“हे फसवणं झालं.”

“मग खरा लावा आणि मरा. नाहीतर कुलूप घालू दुकानाला. चौथं काही सुचलं तर सांगा.”

वहिनीने पेन्सिल घेऊन मोरीवरच्या फळीवर ठेवली.

शनिवारी हेडबाई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, मान ताठ, केसांच्या मुळांशी पांढरी रेघ. “पोरी, त्या नव्या दुकानात बोलावतात गं मला. म्हटलं, तिथे माझ्याआधी कोण लावून घेणार? दाखव.”

वहिनी मोरीकडे वळली. सुकत आलेल्या पुरळाशेजारी पेन्सिल टेकवली. कडा फार रेखीव आल्या, त्या बोटाने पुसट केल्या. मग वळून हात पुढे केला.

हेडबाईंनी चष्मा लावून नीट पाहिलं. “झालं. आता मी निर्धास्त.” आणि डोळे मिटून मान मागे टाकली.

वहिनीने हातमोजे चढवले. भांग पाडला. मधली त्वचा कोवळी, गुलाबी दिसत होती. ब्रश तिथे टेकवून ती थांबली.

“आग होतेय का?”

“छे गं.”

दुसरा भांग. “आता?”

“नाही.”

तिसरा. “खाज? थोडीसुद्धा?”

हेडबाई डोळे न उघडता हसल्या. “आज किती विचारतेस! इतक्या वर्षांत कधी विचारलं नाहीस.”

नणंदेने रेडिओ मोठा केला. वहिनी चौथा भांग पाडू लागली.

तिचे स्वतःचे केस लग्नाच्या वर्षीच पिकू लागले होते. ठिपका रोज हाताला लावला, पण केसांना तिने कधी रंग लावला नाही.