हजार चौकटींची नदी

पूर-इशारा कार्यालयातल्या तपासनीस बाई म्हणजे स्वतः लावलेलं कुलूपही दोनदा ओढून पाहणाऱ्या. पण त्या दिवशी त्यांच्यावरही तोंडात बोट घालायची वेळ आली. विकायला आणलेल्या नव्या संगणकाने नेहमीची चाचणी चार मिनिटांत संपवली. जुना त्याच चाचणीला तास घ्यायचा. चार मिनिटं! बाईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग भिंतीवरचंही पाहिलं.

आनंद का होणार नाही हो? त्यांची थोरली बहीण नदीकाठच्या खालच्या वस्तीत राहते. वर पाऊस कोसळला की तासाभरात पाणी तिच्या उंबऱ्याशी येतं, आणि जुन्या संगणकाचा इशाराही तासाभरानेच. गेल्या वर्षी इशारा पोचला तेव्हा ताई पलंगावर उभी राहून तो ऐकत होती. आता बाईंनी सही केली की नवा संगणक पावसाळ्याआधी बसणार होता.

पण खोड ती खोड. चाचणीतली नदी नुसती कागदावरची, हिशोबासाठी चौकटींत आखलेली: हजार चौकटी लांब, हजार रुंद, संगणक विकणाऱ्या सगळ्या कंपन्यांना बारा वर्षं पाठ असलेली. बाईंनी तिला एक चौकट वाढवली, बस्स, एकच. संगणकाला छप्पन्न मिनिटं लागली. मग त्यांनी खरी नदी घातली. अठ्ठावन्न.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोरी रंगेहाथ पकडायचीच म्हणून त्यांनी आतला प्रोग्राम उघडला. उत्तरं आधीच लिहून ठेवली असणार, ही त्यांची खात्री. पण छे! प्रत्येक आकडा खरोखर काढला जात होता. फक्त हजार चौकटी दिसल्या की काम एका वेगळ्याच वाटेने जायचं, आणि काय ती वाट! जो आकडा हवा तो नेमक्या क्षणाला हाताशी हजर. एकाच ओट्यावर शंभर जणी स्वयंपाक करताहेत आणि कुणाचा कुणाला धक्का लागत नाही, तसं काहीतरी. तीस वर्षं बाई या कामात होत्या, पण असलं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. राग कुठल्या कुठे गेला. जेवणाची सुट्टी होऊन गेली, डबा तसाच राहिला. त्यांचे डोळे भरून आले, आणि त्याची त्यांना जराही लाज वाटली नाही.

कंपनीचा माणूस बाहेर बाकावर बसला होता. पन्नाशीचा, अबोल. त्याचे सहकारी त्याला मिस्त्री म्हणायचे. बाईंनी त्याला आत बोलावलं आणि पडदा त्याच्याकडे वळवला.

"हे तुम्ही केलंत?"

त्याने पडद्यावरची पहिली ओळ बोटाने दाखवली. मग म्हणाला, "अकरा महिने लागले. आजवर कोणी उघडून पाहिलं नव्हतं."

"मग आमच्या नदीसाठी करा ना असं." आपण चक्क विनवण्या करतोय, हे बाईंनाही कळलं.

"तुमची नदी दर पावसाळ्यात बदलते, बाई. ही कागदावरची जागची हलत नाही. म्हणून तर तिच्या मापाचं इतकं नेमकं शिवता आलं."

खऱ्या नद्यांवर काम करू द्या, असं त्याने कंपनीला सांगून पाहिलं होतं. गिऱ्हाईक चाचणीचा आकडा बघतं, नदी कोण बघतंय, असं उत्तर त्याला मिळालं होतं.

बाईंनी अहवालात दोनच वाक्यं लिहिली. 'इतकं देखणं काम मी आयुष्यात पाहिलेलं नाही. हा संगणक घेऊ नये.' मिस्त्रीने पहिलं वाक्य वाचलं, पुन्हा एकदा वाचलं. मग खिशातलं पेन काढलं आणि दुसऱ्या वाक्याखाली साक्षीदार म्हणून सही केली.

तो गेल्यावर बाईंनी ताईला फोन लावला. ताईने आधी तेच विचारलं, नवा संगणक आला का म्हणून.

"नाही गं," बाई म्हणाल्या. "यंदा पाऊस वाढला की माझ्या इशाऱ्याची वाट बघू नकोस. तू आपली निघ."