दाभोशाचं हिरवं पाणी

दाभोशाच्या वरच्या पाड्यावरच्या तळ्यात ठिपक्याएवढे किडे उड्या मारत. बायका पाणी फडक्यानं गाळत आणि अडकलेले किडे तळ्यातच परत झटकत. आजीपणजीपासूनची रीत होती, आणि पाणी निवळशंख.

संस्थानच्या कारकुनाला मात्र ते किडे खुपले. "शी! हे पिता तुम्ही?" म्हणत त्यानं नदीवरून घागरी भरभरून माशांची पिल्लं आणवली आणि तळ्यात सोडली. माशांनी महिन्याभरात किड्यांचा फडशा पाडला अन् पाणी हिरवंगार होऊन घाण मारू लागलं. मग दोष कुणाचा? कारकुनाचा? छे! दोष भागीचा. का, तर ती गावाबाहेरच्या झोपडीतली, बिनजमिनीची. म्हणे तिच्या हंड्यानं पाणी बाटलं. तिला तळं बंद झालं. घरात लेक सुकी बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि भागी भर उन्हात खालच्या नदीवरून हंडे वाहू लागली. तिच्या अंगाची नुसती लाही होत होती.

आपला दोष नाही हे दाखवायला तिनं पाड्याचा पाटील वामन याच्याच हातानं तळ्याच्या पाण्याची दोन मडकी भरवली. नदीच्या वाटेवर ओहोळाच्या स्वच्छ डबक्यात तिला तसलेच किडे दिसले होते; ते दोन्हींत सोडले. एकात वर दोन मासेही. आठ दिवसांनी माशांचं मडकं हिरवंच होतं, दुसरं मात्र स्वच्छ.

"पाटील, किडं ही हिरवळ खातात, मासं किड्यांना खातात. माझा हात कुनाला खातो, सांगा ना!"

वामन वरमला. उन्हाळ्यानं तळं उथळ झालेलंच होतं. त्यानं भागीच्या नवऱ्याकडून, जैतूकडून, जाळ्यानं मासे काढवले आणि डबक्यातले किडे सोडले. महिन्याभरात पाणी निवळलं.

मग कारकून आला. काठावर उभा राहून खूश झाला. "बघा! बाई हटली, तळं सुधारलं. बंदी कायम ठेवा."

भागीनं वामनकडे पाहिलं. सगळं डोळ्यांनी पाहिलेला हा माणूस पागोटं सारखं करत गप्प उभा होता. मेल्याची जीभ झडली होती काय?

ती हंडा घेऊन सरळ तळ्यात शिरली, गुडघाभर पाण्यात. सगळ्यांसमोर तिनं दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवले, हंडा भरला.

"हा लावला हात! आता रोज लावनार. पानी हिरवं झालं तर सांगाया या."

कारकून ओरडत राहिला. भागी हंडा डोक्यावर घेऊन त्याच्या अंगावरूनच गेली.